आई दापोलीला, बाप गुहागरला

लॅब्रॅडॉरची सात पिल्लं, जन्म २६ ऑक्टोबरचा. पिल्लं आणि त्यांची आई दापोलीजवळच्या एका वाडीत. बाप दाभोळच्या खाडीपलीकडे, गुहागरच्या बाजूला, दुसऱ्याच मालकाकडे. पिल्लू ठरवण्याआधी दोघांनाही समोर उभं करून बघायचं म्हणून ६ डिसेंबरला पनवेलहून निघालेली ही फेरी. बेत तीन दिवसांचा होता, झाले चार.

बाप वेगळ्या गावी असण्यात काळंबेरं काही नाही. चांगला ब्रीडर मादीला साजेसा नर शोधत फिरतो. घरात एक नर आणि एक मादी आहे म्हणून त्यांचीच जोडी लावणारा स्वतःची सोय बघत असतो. मात्र बाप लांब असला की त्याचा फक्त फोटो दाखवून काम भागवायची सवय लागते, आणि फोटोला ना वास असतो ना चाल.

निघण्याआधी

तारीख पिल्लांच्या वयावरून ठरवायची. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ऐकू यायला लागतं. चार आठवड्यांच्या आत गेलं तर आई परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही आणि पिल्लांचा स्वभावही कळत नाही. सहा आठवडे पूर्ण होतात ७ डिसेंबरला, तोच दिवस दापोलीसाठी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, असं २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे २१ डिसेंबरच्या आत कुणी 'घेऊन जा' म्हणालं तर तिथेच उठावं.

क्रमही ठरलेला: आधी पिल्लं, मग बाप. उलटं कधीच नाही. लस न झालेल्या पिल्लांकडे जाताना दुसऱ्या कुत्र्याच्या अंगणातली माती चपलेला लागलेली नको. पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्वो विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या साबणाने किंवा फिनेलने मरत नाही. म्हणून गाडीत घरचं कुत्रं नाही, आदल्या दोन दिवसांत पशुवैद्यकाच्या दवाखान्यात फेरी नाही, आणि एका दिवशी एकच केनेल. पिशवीत धुतलेल्या कपड्यांचा जोड, कोऱ्या रबरी स्लिपर, साध्या ब्लीचची बाटली, मायक्रोचिप वाचायचा हातातला रीडर, दहा किलोपर्यंतचा लटकता काटा, टॉर्च आणि एक जुना सुती पंचा. पंच्याचं काम पुढे येईल.

फोनवर आधीच मागवायचे ते कागद चार: ब्रीडरचं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडचं नोंदणीपत्र, आईबापांची केनेल क्लब ऑफ इंडियाची म्हणजे केसीआयची सर्टिफिकेटं, खुब्याच्या सांध्याचा दोष तपासणाऱ्या एक्स-रेचा अहवाल आणि डीएनए तपासण्या. कुणी 'पेपरवालं पिल्लू' म्हणतं तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा फक्त केसीआयचा कागद असतो. तो वंश सांगतो, तब्येत सांगत नाही.

पहिला दिवस: पनवेल ते दापोली

सकाळी सहाला निघालं की पेण, वडखळ, कोलाड मागे टाकून माणगाव गर्दीच्या आत पार होतं. दहानंतर माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग ठरलेली. माणगावहून आंबेत, मंडणगडमार्गेही दापोली गाठता येते, पण तो रस्ता वळणांचा आणि अरुंद. पुढे पिल्लू घेऊन ज्या वाटेने परतायचं, तीच बघून ठेवायला जाताना मुद्दाम महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा आणि खेडचं भरणे नाकं असं गेलेलं बरं. नाक्यावरून उजवीकडे तिसेक किलोमीटरवर दापोली. हा तुकडा मात्र पोट ढवळणाऱ्या वळणांचा आहे, त्याची नोंद करून ठेवली.

दापोलीत काम एवढंच: मुक्काम, कपडे बदलून ठेवणं आणि संध्याकाळी कागद पुन्हा एकदा वाचणं. वंशावळीत तीन पिढ्या असतात. आईची आणि बापाची वंशावळ शेजारी ठेवून एकच नाव दोन्हीकडे येतंय का ते बघायचं. इथे एक नाव आलं: आईच्या आईचा बाप आणि बापाच्या आईचा बाप एकच कुत्रा. आईबापांचा असा एकच सामाईक आजोबा असेल तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबाप किती जवळच्या नात्यातले ते सांगणारा आकडा, ३.१२५ टक्के येतो, तो चालण्यासारखा आहे. सावत्र भावंडांची जोडी असेल तर साडेबारा, सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची असेल तर २५. तिथे पुढचा प्रवास रद्द करून हर्णैला मासळीचा लिलाव बघायला जावं, निदान दिवस कारणी लागेल.

डीएनएचे कागद वाचताना एक साधा नियम पुरतो. प्रच्छन्न आजारात, म्हणजे दोष आईकडून आणि बापाकडूनही आला तरच होणाऱ्या आजारात, दोघांपैकी एकजण 'क्लिअर', म्हणजे दोषमुक्त, असला की एकही पिल्लू आजारी होत नाही. आई ईआयसीला, म्हणजे जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडण्याच्या आजाराला, क्लिअर होती. त्यामुळे बापाचा तो अहवाल नसला तरी बिघडत नाही. पण डोळ्याच्या पडद्याच्या पीआरसीडी आजारात आई 'कॅरिअर', म्हणजे दोषाची नुसती वाहक, निघाली. तिला स्वतःला काही होणार नाही. बापही कॅरिअर असेल, तर मात्र सरासरी चारातलं एक पिल्लू मोठेपणी हळूहळू आंधळं होणार. बापाच्या त्या अहवालाचा ब्रीडरकडे फक्त धूसर फोटो होता. म्हणजे गुहागरला जाण्याचं एक ठोस कारण आदल्या रात्रीच मिळालं.

दुसरा दिवस: आई

वाडीत शिरताना गाडी रस्त्यावरच. वाडीच्या गडग्याजवळ चपला काढून स्लिपर घालायच्या, पण त्याआधी ब्रीडरच्या घरच्या काकूंनीच बादली पुढे केली. "चपला तिथंच राहू देत, नि हात कोपरापर्यंत धुवा." पाहुण्याला आधी चहा विचारण्याऐवजी हात धुवायला सांगणारं घर दिसलं की निम्मी चिंता कमी होते. ब्लीच वापरायचं तर एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. चिखल किंवा शेण लागलेलं असेल तर आधी घासून धुवायचं, कारण घाणीवर ब्लीच निकामी होतं.

पिल्लांकडे लगेच जायचं नाही. आधी आईला एकटीला बाहेर आणायला सांगायचं. पिल्लांच्या पेटीत बसलेली आई गुरगुरली तर तो तिचा स्वभाव ठरत नाही. अंगणात, पिल्लं नजरेआड असताना ती काय करते ते बघायचं. ही चार वर्षांची पिवळी मादी एकदा भुंकली, मग शेपूट पाठीच्या रेषेत हलवत आली, हात हुंगले आणि ब्रीडर काकांच्या पायाशी जाऊन बसली. एवढं पुरेसं. पोटाखाली शेपूट, नजर चुकवणं, माणसाला वळसा घालून जाणं किंवा मालकानेच 'हात लावू नका' म्हणणं, ही धोक्याची चिन्हं. भित्र्या आईची भीती पिल्लांत दोन वाटांनी येते. एक रक्तातून, दुसरी सहा आठवडे तिचं बघून. दुसरी वाट बापाला नसते, म्हणून स्वभावासाठी आई दुप्पट बघावी.

दिसायला मात्र ती भिकार दिसणार, हे धरून चालायचं. व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांत मादीचे केस भराभर गळतात, फासळ्या जाणवतात, सड लोंबतात. तिचा एरवीचा अंदाज घ्यायला मेटिंगच्या आधीचे फोटो मागायचे. उलट, पिल्लांची आई म्हणून दाखवलेली मादी गुबगुबीत, तुकतुकीत आणि सड आटलेली असेल तर ती आई नव्हेच. शंका असेल तर पिल्लं सोडायला सांगावं. सहा आठवड्यांची पिल्लं आईच्या पोटाखाली घुसल्याशिवाय राहत नाहीत.

मग चिप. रीडर खांद्यांच्या मधून सुरू करून मान, दोन्ही खांदे आणि कोपरापर्यंत सावकाश फिरवायचा, कारण चिप कातडीखाली सरकते. पंधरा आकडे येतात. तेच पंधरा आकडे केसीआयच्या कागदावर, एक्स-रेवर आणि डीएनएच्या अहवालावर आहेत का ते आकडा न आकडा जुळवायचं. एका कुत्र्याचा चांगला एक्स-रे दुसऱ्याच्या नावावर खपवणं या धंद्यात नवं नाही, आणि चिप नंबर नसलेला एक्स-रे म्हणजे कुठल्या तरी कुत्र्याच्या हाडांचं चित्र. इथे तिन्ही जुळले. खुब्याची प्रत 'बी'. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या पद्धतीत ए सर्वांत चांगली, ई सर्वांत वाईट. एक्स-रे वयाच्या बारा महिन्यांनंतरचा हवा. आणि आईबाप दोघांचे खुबे चांगले असले तरी पिल्लाची हमी नसते, कारण हा दोष एका जनुकाचा नाही. शक्यता कमी होते, इतकंच.

चाल बघायला काकांनी तिला दोरीवर धरून बाहेरच्या डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीने नेलं. एकदा बाजूने, एकदा मागून बघायचं. दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम पुढे टाकणं, उठताना पुढच्या पायांवर भार देणं किंवा कंबर डुलणं हे खुब्याचं लक्षण. रस्त्यावर बघण्याचं कारण घरातली लादी. गुळगुळीत लादीवर निरोगी कुत्रंही घसरत चालतं आणि काहीच कळत नाही.

तिचं हे दुसरं लिटर, म्हणजे दुसऱ्या वेळची पिल्लं. नियमाप्रमाणे मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर प्रजननाला घ्यायची नाही. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा नाही, आयुष्यात पाच लिटरच्या वर नाही. काकांच्या वहीत पहिल्या लिटरची तारीख दीड वर्षापूर्वीची. गाभण असताना कॅल्शियम दिलं होतं का, हा प्रश्न जरूर विचारावा. 'हो, भरपूर दिलं' हे उत्तर अभिमानाने येतं, पण ते चूक आहे. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर हाडांतून ते काढायची सवय मोडतं, आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊन झटके येतात. इथे काकूंनी नाही म्हटलं, पिल्लांची खुराकाची गोणी गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत सुरू केली होती म्हणाल्या. बरोबर उत्तर.

गोठ्याचं केनेल

केनेल म्हणजे जुना गोठा, भिंती जांभ्याच्या, प्लास्टर न केलेल्या. कोकणात हे सर्रास दिसतं आणि थंडावा राहतो म्हणून त्याचं कौतुकही होतं. पण जांभा सच्छिद्र. त्याच्या भोकांत कुत्र्याची तपकिरी गोचीड चढून बसते, तिथेच अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावा, भिंतीतून पुन्हा उतरते. टॉर्च लावून जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच्या फटी बघायच्या. आईच्या कानाची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळही. काकांनी छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून त्यावर चुना दिला होता, फटी वरच राहिल्या होत्या. हे चांगलं, तरी पुरेसं नाही. म्हणून आईचा रक्ताचा अहवाल मागायचा: हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि गोचीडतापाची तपासणी. गोचीडतापाचा जंतू बबेसिया आईकडून गर्भातच पिल्लांकडे जाऊ शकतो, त्यामुळे 'आईला आलेला ताप, पिल्लांना काय?' हा युक्तिवाद इथे चालत नाही. अहवाल सप्टेंबरचा, प्लेटलेट पावणेतीन लाख. ठीक.

जमीन शेणाने सारवलेली असेल तर दिसायला सुरेख, पण जंतांची अंडी त्यात टिकतात आणि ती जमीन निर्जंतुक करता येत नाही. इथे सिमेंटचा कोबा होता, उतार एका कोपऱ्याकडे, पाणी वाहून जाईल असा. रात्री जाळीचं दार बंद, वर पत्रा. बिबट्याचा वावर असलेल्या वाडीत ही चैन नव्हे. बाहेरच्या दगडी गडग्यात फुरसं असण्याची शक्यता धरून पिल्लांचं अंगण गडग्यापासून लांब आखलेलं होतं. आंब्याला मोहोर यायला लागला की बागेत फवारण्या सुरू होतात. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कुत्री आत बांधतात का, हेही विचारून घ्यावं. औषध पडलेल्या गवतावर लोळून मग अंग चाटणारं कुत्रं तोंडाला फेस येऊन थरथरायला लागतं.

पिल्लांची पेटी चार फूट बाय चार फूट, आतून चारी बाजूंनी तळापासून चार इंचांवर आडवी पट्टी ठोकलेली. भिंतीला टेकून आई आडवी झाली तरी पट्टीमागे पिल्लाला जागा राहते. ही पट्टी नसलेल्या पेटीत पहिल्या आठवड्यात एखादं चेंगरायचा धोका असतो. सहा आठवड्यांनी ती पट्टी दातांनी कुरतडलेली दिसली. म्हणजे पेटी खरोखर वापरात होती, पाहुण्यांसाठी आणून ठेवलेली नव्हती.

पिल्लं

सात पिल्लांत चार काळी, तीन पिवळी. रंगही साक्ष देतो. आई पिवळी, बाप काळा आणि पिवळ्याचा वाहक, म्हणून दोन्ही रंग आले. आईबाप दोघेही पिवळे म्हणून सांगितले असते आणि एकही पिल्लू काळं निघालं असतं, तर तो बाप नव्हे. तसंच दोन चॉकलेटी आईबापांना काळं पिल्लू होत नाही. 'फॉक्स रेड' हा वेगळा दुर्मिळ रंग नाही, पिवळ्याचीच गडद छटा आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

काकूंची वजनाची वही बघण्यासारखी होती. जन्माला ३५० ते ४२० ग्रॅम, दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येकाचं दुप्पट, मग आठवड्याला एक नोंद. एका काळ्या पिल्लाची तिसऱ्या दिवशी दहा ग्रॅम घट आणि त्यापुढे 'बाटली' असं लिहिलेलं. अशी लपवाछपवी नसलेली वही असली की बाकी गोष्टींवर विश्वास बसतो. सगळे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसले तर वही आदल्या रात्री तयार झाली आहे. आपल्या काट्यावर दोन पिल्लं जोखून बघितली: ४.१ आणि ३.६ किलो. वहीशी शंभर ग्रॅमचा फरक, तो जेवणाचा.

जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांनी. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लांत उतरतात आणि हूकवर्म दुधातून येतो, म्हणून 'आमच्या पिल्लांना जंत नाहीत' हे वाक्य ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. समुद्रकाठच्या वालुकामय ओलसर जमिनीत हूकवर्मची अळी मजेत जगते. तो रक्त पितो. ओठ वर करून हिरड्या बघायच्या: गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर पशुवैद्यकाने आधी विष्ठा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. पोट जेवणानंतर फुगलेलं चालेल, रिकाम्या पोटीही नगाऱ्यासारखं असेल तर जंत.

बेंबीजवळ मऊ गाठ म्हणजे हर्निया. छोटी असेल तर बहुधा बुजते, बोटाचं टोक आत जात असेल तर पुढे शस्त्रक्रिया. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसायला हवेत. नरांमध्ये दोन्ही वृषण आठ आठवड्यांपर्यंत बहुतेक खाली येतात. एका काळ्या नराचा डावा अजून जाणवला नाही, ते लिहून घेतलं.

स्वभाव बघायला एक स्टीलची वाटी दहा फुटांवर पाडायची. दचकणं बरोबर आहे. दोन-चार सेकंदांत परत येऊन वाटी हुंगणारं पिल्लू हवं; कोपऱ्यात दबून राहणारं नको, आणि ढिम्म न हलणाऱ्याची श्रवणशक्ती तपासावी. सगळ्यात आधी धावत येऊन बुटाची नाडी ओढणाऱ्या पिल्लाच्या प्रेमात पडायची चूक जवळजवळ सगळेच करतात. शहरातल्या दोन खोल्यांच्या घराला मधलं पिल्लू बरं. ही चाचणी जेवण झालेल्या, झोप आलेल्या पिल्लांवर घेऊन उपयोग नाही. जेवणाआधी तासभर घ्यावी.

जेवण म्हणजे भिजवलेला पपी फूड, सोबत थोडी नाचणीची पेज. सुकट घालता का विचारलं तर काका हसले, "ती मांजरांना." खारवलेल्या मासळीतलं मीठ पिल्लांना झेपत नाही, त्यामुळे उत्तर पटलं. निघताना जुना पंचा आईच्या जागेवर टाकून ठेवायला सांगितलं.

तिसरा दिवस: खाडी ओलांडून बाप

दापोलीहून दाभोळ साधारण २८ किलोमीटर. तिथून धोपाव्याला जंगलजेट्टी. २००३ पासून गाड्या वाहून नेणारी ही फेरी सुरू आहे. ती नसती तर चिपळूणला वळसा घालून अर्धा दिवस गेला असता. बोटीवर गाडीचं इंजिन बंद होतं, एसीही बंद. पुढे कधी कुत्रं बरोबर असेल तर त्याला बंद काचांत ठेवून कठड्याशी खाडी बघत उभं राहायचं नाही. बाहेर तीस अंश असताना उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत चाळिशीकडे जाते. धोपाव्याला उतरल्यावर अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो. नाव दाभोळचं पडलं, जागा मात्र गुहागर तालुक्यातली.

बाप पाच वर्षांचा, काळा, रुंद डोक्याचा. चिप जुळली. पीआरसीडीचा मूळ अहवाल मिळाला, क्लिअर, त्यावर तोच नंबर. म्हणजे एकही पिल्लू त्या आजाराने आंधळं होणार नाही. सरासरी निम्मी आईसारखी कॅरिअर असतील. खुबे 'ए'. मेटिंगच्या वहीत २२ आणि २४ ऑगस्टच्या नोंदी, मादीच्या हीटच्या, म्हणजे माजाच्या, अकराव्या आणि तेराव्या दिवशी. २४ ऑगस्टपासून २६ ऑक्टोबर म्हणजे बरोबर ६३ दिवस. ही वही आणि दापोलीची वही दोन वेगळ्या घरांत, वेगळ्या हस्ताक्षरांत आहेत आणि तारखा जुळतात. बाप दुसऱ्या घरी असण्याचा हा फायदा. मेटिंगमधून पसरणाऱ्या आणि गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूची रक्ततपासणीही त्याच आठवड्याची होती. ती न बघता मादी पाठवणाऱ्या ब्रीडरला गर्भपातांचा अर्थ उशिरा कळतो.

इथवर सगळं कागदावर उत्तम. मग कुत्रा जवळून बघितला.

वजन ३९ किलो. जातीच्या नरासाठी २९ ते ३६ धरतात. बरगड्या चाचपायला बोटं दाबावी लागली. लॅब्रॅडॉरच्या खादाडपणामागे पीओएमसी नावाच्या जनुकातला तुकडा गळालेला असणं हे एक कारण आहे, २०१६ मध्ये ते दाखवलं गेलं, आणि या जातीतल्या सुमारे चौथाई कुत्र्यांत ते सापडतं. त्यामुळे जाड बाप बघून नाक मुरडू नये, पण पिल्लू वाटी मोजून भरणाऱ्या घरातच जावं.

खरी अडचण पायांत होती. पुढच्या पंजांच्या बोटांमधले काळे केस गंजासारखे तांबूस. लाळेने केसांचा रंग असा उतरतो, म्हणजे कुत्रा पंजे सतत चाटतो. कानाची पाळी उलटली तर आतली कातडी जाड आणि आंबूस वास. मालक म्हणाले, "पावसाळ्यात होतं हो, आता बरंय." कोकणातल्या दमट हवेत, लोंबत्या कानाच्या आणि रोज समुद्रात डुंबणाऱ्या कुत्र्याला पावसाळ्यात कान येणं वेगळं सांगायला नको. पण तारीख ८ डिसेंबर होती. कोरड्या हवेतही पंजे चाटले जात असतील तर संशय त्वचेच्या ॲलर्जीवर जातो. ती या जातीत वंशाने चालते, आणि तिला पकडणारी डीएनए तपासणी नाही. पिसवा, बुरशी आणि खाण्यातलं काही अशी बाकी कारणं वगळल्यावरच पशुवैद्यक तिचं नाव घेतात. इथे ती कारणं वगळलेली नव्हती.

ही ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. म्हणून सहा आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून काही कळणार नाही. त्याच बापाची मोठी झालेली मुलं बघायची. मालकांनी वही चाळून चिपळूणचा एक पत्ता काढला: आधीच्या लिटरमधला, अडीच वर्षांचा नर. चौथा दिवस असा वाढला.

चौथा दिवस: सावत्र भाऊ, मग घाट

गुहागर ते चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर. भाऊ पिवळा, आई वेगळी. आधी पंजे: केस पांढुरके पिवळे, डाग नाही. काखा आणि जांघा स्वच्छ. कान कोरडे. मग फाईल. पहिल्या पावसाळ्यात दोन्ही कानांत यीस्ट, म्हणजे बुरशी, दुसऱ्यात एका कानात, ऑक्टोबर ते मे या काळात एकही नोंद नाही. हे पावसाळी दुखणं आहे, बापासारखं बारमाही नाही. एका मुलावरून निकाल लागत नाही, पण अडीच वर्षांचं वय ओलांडून कातडी स्वच्छ असणं जमेची बाजू. फाईलमध्ये लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस दर वर्षी, मे महिन्यात. चिपळूणकरांना २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर हे वेगळं समजवावं लागत नाही: उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी अंगणात आलं की कुत्रा आणि माणूस दोघंही धोक्यात. दापोलीच्या पिल्लाला पुढच्या पावसाआधी या लशीचे दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, झालेले असायला हवेत.

चिपळूणहूनच काकांना फोन. बापाच्या पंजांबद्दल त्यांना सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले; मादी घेऊन गेले ते ऑगस्टमध्ये, तेव्हा पावसाळ्याचं म्हणून त्यांनीही सोडून दिलं होतं. ठरलं ते असं: पिवळी मादी, वजनाच्या वहीतली तिसरी. टोकन आत्ता, उरलेली रक्कम चिप आणि पशुवैद्यकाचं तपासणीपत्र मिळाल्यावर. करारात तीन ओळी वाढवल्या. पंधरा दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर निघाला तर खर्च कुणाचा, बारा महिन्यांनंतर खुब्याची प्रत डी किंवा ई आली तर काय, आणि कोणत्याही वयात ठेवणं अशक्य झालं तर पिल्लू परत दापोलीलाच जाणार. शेवटची ओळ ब्रीडरने आनंदाने लिहिली, हे लक्षात ठेवण्यासारखं.

परतीचा रस्ता पिल्लाच्या सोयीने बघत आलं तर २१ तारखेचा बेत आपोआप बनतो. दापोलीहून सकाळी निघायचं, आधी चार तास जेवण नाही, पाणी चालेल. भरणे नाक्यापर्यंतची वळणं रिकाम्या पोटी उरकायची. चोवीस इंची क्रेट मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधलेला, आत वर्तमानपत्राचे थर. दर दोन तासांनी थांबायचं, पण ढाब्याच्या अंगणात पिल्लाला खाली सोडायचं नाही, तिथे शेकडो भटकी कुत्री येऊन गेलेली असतात; शी-शू गाडीतच कागदावर. खेडहून रेल्वेने यायचं झालं तर कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर ब्रेकव्हॅनची पेटी. आठ आठवड्यांच्या पिल्लाला ती पेटी नको. सोबत त्याच खुराकाची किलोभर पिशवी मागून घ्यायची आणि नवा खुराक सात दिवसांत हळूहळू मिसळायचा.

आणि तो पंचा. आईच्या अंगाखाली दोन आठवडे राहून त्याला तिचा वास लागायला हवा, पहिल्या तीन रात्री क्रेटमध्ये तोच अंथरायचा आहे. काकूंना मधे एकदा फोन करून 'तो धुऊ नका' म्हणून आठवण करून द्यायची. कोकणातल्या घरात पंचा दोन आठवडे न धुता राहणं अवघड.